ओमेगा स्पीडमास्टर मूनवॉच : चावीच्या क्रोनोग्राफबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, म्हणजेच अंतराळवीरांबरोबर चंद्रावर गेलेलं ‘मूनवॉच’, हे हाताने चावी द्यावं लागणारं स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ. मी वापरतो ते २०२१ पासून मिळणारं, ३८६१ क्रमांकाच्या मशीनचं, स्टीलचं आणि प्लास्टिकच्या काचेचं मॉडेल. नातेवाईक, ऑफिसातली मंडळी आणि घड्याळांची आवड असलेले अनोळखी लोक याबद्दल जे जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. माझं मत आधीच सांगतो: चंद्राची गोष्ट मोठी आहे, मला ती फार प्रिय आहे, पण हे घड्याळ घ्यावं ते चावीसाठी आणि उजव्या बाजूच्या दोन बटणांसाठी. ती बोटांना भावली तर बाकीचं सगळं आपोआप आवडतं.

रोज चावी द्यायची म्हणजे कटकट नाही का?

मला तरी नाही. सकाळी अंघोळ झाली की हात कोरडे करायचे आणि चावी द्यायची, मिनिटभराचं काम. पूर्ण चावी दिली की घड्याळ ५० तास चालतं, त्यामुळे एखादा दिवस राहून गेला तरी बंद पडत नाही. तरीही रोज ठरावीक वेळी द्यावी असं मी सांगेन, कारण स्प्रिंग भरलेली असताना घड्याळाची चाल जास्त स्थिर राहते. अगदी शेवटच्या तासांत जोर ओसरतो, तेव्हा ती थोडी इकडेतिकडे होऊ शकते.

चावी देताना घड्याळ मनगटावरून काढून हातात घ्या. हातावर असताना फिरवायला गेलं की बोटं तिरकी पडतात आणि आतल्या दांड्यावर बाजूने ताण येतो. स्पीडमास्टरच्या चावीला दोन्ही बाजूंनी केसचे (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचे) उंचवटे आहेत, शिवाय वर-खाली बटणं आहेत. त्यामुळे चिमटीत पुरती धरता येत नाही, बोटांच्या टोकांनी थोडी थोडी पुढे सरकवावी लागते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे अवघड वाटेल, मग बोटांना लय सापडते. सुरुवातीचे फेरे हलके असतात, आवाज बारीक आणि दाट येतो. हळूहळू बोटाखाली भार जाणवायला लागतो आणि एका क्षणी चावी पुढे जायचं नाकारते. तिथे थांबायचं.

चावी जास्त दिली गेली तर स्प्रिंग तुटेल?

ही भीती आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. शेवटपर्यंत चावी देण्यात काहीच वाईट नाही, उलट रोज शेवटपर्यंतच द्यावी. चावी अडली की समजायचं, स्प्रिंग पूर्ण भरली. त्यानंतरही जोर लावून पिळत राहिलात तर नुकसान होईल. भार वाढू लागला की वेग कमी करा, एवढी काळजी पुरते.

एवढे पैसे मोजून चावीचं घड्याळ का? ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, का नाही? आणि अंतराळात ऑटोमॅटिक चालत नाही म्हणून नासाने हे निवडलं, हे खरं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. हा समज फार पसरला आहे, पण तारखा पाहिल्या की तो टिकत नाही. नासाने घड्याळांच्या चाचण्या घेतल्या त्या १९६४-६५ मध्ये. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ बाजारात आले १९६९ मध्ये. झेनिथ, सेइको आणि ह्यूअर-ब्राइटलिंग वगैरेंचा एक गट यांनी ते त्याच वर्षी आणले. म्हणजे नासाला हवं असतं तरी निवडायला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ नव्हताच. शिवाय वजनरहित अवस्थेत ऑटोमॅटिक चालतं हेही पुढे दिसलं. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेलेल्या विल्यम पोग यांच्या हातावर सेइकोचा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ होता, आणि तो नीट चालला. फिरणाऱ्या वजनाला हाताच्या हालचालीने मिळणारा झटका तिथेही मिळतोच.

आता पहिला भाग. ऑटोमॅटिकमध्ये मशीनवर अर्धवर्तुळाकार वजन फिरत असतं. त्याने जाडी वाढते आणि मागची काच पारदर्शक असली तरी अर्धं मशीन झाकलं जातं. चावीच्या क्रोनोग्राफमध्ये सगळे तरफदांडे आणि चाकं उघडी दिसतात. पण खरं सांगायचं तर माझं कारण वेगळं आहे. चावी देताना आपण रोज घड्याळाकडे नीट बघतो. काचेवर नवा ओरखडा आला का, कालच्यापेक्षा किती सेकंद पुढे आहे, पट्ट्याची पिन सैल झाली आहे का, हे सगळं त्या मिनिटात कळतं. वर्षभर हातावर असलेल्या ऑटोमॅटिककडे मी इतकं लक्ष कधीच दिलं नव्हतं.

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचच ना? ते तर फोनमध्ये आहे.

आहे, आणि फोनमधलं जास्त अचूकही आहे. पण फोन खिशातून काढून, उघडून, ॲप शोधेपर्यंत चहाचं पाणी उकळलेलं असतं. इथे हात वळवायचा आणि अंगठ्याने बटण दाबायचं. ओल्या कणकेचे हात असताना, गाडीत, रांगेत, प्राणायाम करताना, कुकर उतरवल्यावर वाफ जिरायची वाट बघताना मी क्रोनोग्राफ इतका वापरतो की त्याशिवायचं घड्याळ घातलं की अंगठा उगाच दोनच्या आकड्याकडे जातो.

मोठा मधला काटा सेकंद मोजतो, तीनच्या जागची लहान तबकडी ३० मिनिटांपर्यंत आणि सहाच्या जागची १२ तासांपर्यंत. नऊच्या जागी जो काटा सतत फिरत असतो, तो घड्याळाचा नेहमीचा सेकंदकाटा. नवीन माणूस ‘मधला काटा बंद आहे, घड्याळ बिघडलं’ म्हणतो, तो यामुळेच.

बटणं दाबताना नेमकं कसं वाटतं?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वरचं बटण दाबायला लागलात की आधी थोडा मोकळा प्रवास, मग स्पष्ट विरोध, आणि तो मोडला की टक्क आवाज होऊन काटा निघतो. जुन्या घरातल्या काळ्या बेकेलाइटच्या दिव्याच्या बटणाला असायचा तसा ठाम खटका. चुकून स्लीव्ह लागून ते सुरू होणं अवघड. थांबवायला तेच बटण, पण आता विरोध थोडा कमी. शून्यावर आणायला खालचं बटण, आणि तिथे तिन्ही काटे एका क्षणात जागेवर जातात. ते बघायला अजूनही मजा येते.

हा खटका येतो तो आतल्या रचनेमुळे. ३८६१ मध्ये कॅम पद्धत आहे: आकार दिलेला एक पत्रा पुढे-मागे सरकतो आणि तरफांना चालू-बंद करतो. दुसरी पद्धत कॉलम व्हीलची, त्यात छोट्या खांबांचं चाक फिरतं. कॉलम व्हीलचं बटण साधारणपणे मऊ आणि एकसारखं लागतं, कॅमचं जरा कडक. जाणकार मंडळी कॉलम व्हीलला वरचा दर्जा देतात. मला मात्र स्पीडमास्टरचा कडकपणा त्याच्या स्वभावाला शोभतो असं वाटतं. जाड हातमोजे घालून दाबायच्या बटणाने आपण दाबलं गेलो हे ठणकावून सांगायला हवं.

आणखी एक बारकावा. सुरू करताना मधला काटा कधीकधी अगदी किंचित उडी मारतो. बिघाड समजू नका. सतत फिरणाऱ्या चाकात दुसरं दातेरी चाक बाजूने येऊन अडकतं, आणि दात दाताला नेमका कसा भिडेल त्यावर ती उडी ठरते.

एक पथ्य मात्र पाळा: काटा फिरत असताना खालचं बटण दाबू नका. आधी वरच्याने थांबवा, मग शून्य करा.

क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर चालेल?

अधूनमधून चालेल, सवय म्हणून नको. तो चालतो त्याच स्प्रिंगच्या जोरावर, आणि भाग विनाकारण झिजतात.

काचेभोवती ५०० पासून ६० पर्यंत आकडे आहेत ते कशासाठी?

तो टॅकीमीटर, म्हणजे वेग मोजायची पट्टी. १९५७ च्या पहिल्या स्पीडमास्टरमध्ये ओमेगाने हे आकडे तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर आणले. त्यामुळे आतली तबकडी मोकळी झाली आणि घड्याळाला त्याचा चेहरा मिळाला. स्पीडमास्टर तेव्हा मोटारशर्यतीसाठी होतं, अंतराळाचा संबंध नंतरचा.

हिशेब सोपा आहे: ३६०० भागिले लागलेले सेकंद. द्रुतगती मार्गावर गाडी दुसरं कोणी चालवत असेल तेव्हा एका किलोमीटरच्या खुणेला बटण दाबा, पुढच्या खुणेला थांबवा. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. ३६ सेकंद लागले तर १००. रेल्वेच्या रुळांकडेचे किलोमीटरचे दगड यासाठी आणखी बरे, खिडकीत बसून निवांत मोजता येतात.

वेगच मोजला पाहिजे असंही नाही. एक उकडीचा मोदक वळायला ५० सेकंद लागत असतील तर काटा ७२ च्या आसपास थांबेल: तासाला ७२ मोदक, हात न थकता चालला तर. मिनिटाच्या आत होणाऱ्या कोणत्याही कामाचा तासाचा दर असा निघतो.

कड्यावर ९० च्या आकड्याच्या वर एक ठिपका आहे, शेजारी नाही. १९७० च्या आधीच्या कड्यांवर तो असाच होता. २०२१ मध्ये ओमेगाने ती जुनी मांडणी परत आणली. संग्राहक आधी हाच ठिपका बघतात.

माझं मनगट बारीक आहे. ४२ मिलिमीटर मोठं नाही होणार?

कागदावर मोठं वाटतं, हातावर तितकं नाही. उजवीकडे चावीचं रक्षण करायला केस फुगवलेली आहे, आणि ४२ चा आकडा त्या फुगवट्यासकट आहे. कडं काळं असल्याने तबकडी लहान दिसते. पट्टा जोडायचे कान खाली वळलेले आहेत, त्यांची एक बाजू चकचकीत आणि एक घासलेली. मधोमध धारदार रेघ पळते, ती उन्हात सुरेख दिसते. कानाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी ४८ मिलिमीटरच्या आत आहे. ती तुमच्या मनगटाच्या सपाट भागाबाहेर जात नसेल तर खुशाल घ्या.

२०२१ च्या मॉडेलचा स्टीलचा पट्टा मला फार आवडतो. केसपाशी २० मिलिमीटर रुंद आणि कुलपापाशी १५. या निमुळतेपणामुळे टेबलावर हात टेकवून लिहिताना खाली धातूचा ठोकळा टोचत नाही. आधीच्या पिढीचा पट्टा इतका निमुळता नव्हता आणि जडही वाटायचा.

एवढ्या महागड्या घड्याळाला प्लास्टिकची काच?

हो, आणि मी ती मुद्दाम निवडली. तिला ओमेगा हेसालाइट म्हणते. ते ॲक्रिलिकच आहे. अंतराळयानात काच फुटून तुकडे तरंगायला लागले तर ते डोळ्यांत, श्वासात, यंत्रात जाऊ शकतात. ॲक्रिलिकला तडा जातो पण त्याचा चुरा उडत नाही. म्हणून तेव्हा हीच काच होती आणि मूळ रूपाला आजही हीच आहे.

वापरताना फरक असा दिसतो. हेसालाइटची कड किंचित उंच आणि गोलावलेली आहे. तिरकं बघितलं की आकडे काठावर वळलेले दिसतात. तबकडीचा काळा रंग ऊबदार वाटतो. याच घड्याळाच्या नीलमणी (सफायर) काचेच्या मॉडेलमध्ये त्याच काठावर एक दुधी वर्तुळ दिसतं, काहींना ते खटकतं. त्या मॉडेलला मागूनही पारदर्शक काच आहे, मशीन दिसतं, तबकडीवरचं चिन्ह वेगळं बसवलेलं आहे आणि पट्ट्यातल्या काही कड्या चकचकीत आहेत. किंमतही जास्त. मशीन बघण्याची ओढ असेल तर तेच घ्या, त्यात कमी-जास्त काही नाही.

हेसालाइटवर ओरखडे पडतात हे खरं. दाराची चौकट, भिंत, बॅगेची चेन, कशानेही पडतात. पण काचेला पॉलिश करायची छोटी ट्यूब मिळते, तिचा थेंब मऊ कापडावर घेऊन काही मिनिटं गोल घासलं की उथळ ओरखडे जातात. आजूबाजूला चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे कडं घासलं जाणार नाही. काचेच्या बरोबर मधोमध ओमेगाचं बारीकसं चिन्ह कोरलेलं असतं, ते काचेच्या आतल्या बाजूला असल्याने पॉलिशने जात नाही. ते शोधायला भिंग लागतं.

चंद्राची गोष्ट किती खरी आणि किती जाहिरात?

मुख्य गोष्ट पूर्ण खरी आहे. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा यांनी मर्क्युरी मोहिमेत आपलं स्वतःचं स्पीडमास्टर नेलं, ते नासाने दिलेलं नव्हतं. नंतर नासाने तीन कंपन्यांच्या मनगटी क्रोनोग्राफना अकरा चाचण्यांतून नेलं. ७१ अंश सेल्सियसमध्ये ४८ तास आणि लगेच ९३ अंशांत अर्धा तास. उणे १८ अंशांत ४ तास. सहा वेगवेगळ्या दिशांनी ४० जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट) धक्के. दमट हवा, निर्वात, कंपनं. टिकलं ते स्पीडमास्टर. १ मार्च १९६५ ला ते मानवी मोहिमांसाठी मान्य झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये एड व्हाइट ते घालून यानाबाहेर पडले.

जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं आर्मस्ट्राँग यांनी, पण त्यांच्या हातावर घड्याळ नव्हतं. यानातलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून आपलं त्यांनी आत ठेवलं. चंद्राच्या जमिनीवर उतरलेलं पहिलं मनगटी घड्याळ म्हणजे ऑल्ड्रिन यांचं. ते पुढे संग्रहालयाकडे पाठवताना हरवलं आणि आजवर सापडलेलं नाही. घड्याळवेड्या माणसाला हळहळ वाटावी अशी ही गोष्ट आहे.

मला सर्वांत भिडते ती अपोलो १३ ची हकीकत, एप्रिल १९७० ची. यानातल्या स्फोटानंतर वीज वाचवायला बरीच यंत्रणा बंद केलेली होती. पृथ्वीच्या वातावरणात योग्य कोनात शिरायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्वायगर्ट यांनी मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांनी ओमेगाला ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार दिला. चहाचं पाणी मोजताना तेच बटण आपण दाबतो, हे माझ्या मनातून जात नाही.

पण जाहिरातीत न येणारंही सांगायला हवं. अपोलो १५ मध्ये डेव्ह स्कॉट यांच्या स्पीडमास्टरची काच निघाली आणि तिसऱ्या चांद्रफेरीत त्यांनी सोबत नेलेलं बुलोवाचं घड्याळ घातलं. शिवाय त्या काळच्या घड्याळांत ३२१ मशीन होतं, आजच्या ३८६१ पेक्षा वेगळं.

मग ३२१ आणि ३८६१ मध्ये फरक काय?

३२१ हे लेमानिया कंपनीच्या १९४२ च्या रचनेवरचं, कॉलम व्हीलचं मशीन. याच घराण्याची मशीनं पाटेक फिलिप आणि व्हाशरॉन कॉन्स्टँटिन यांनीही आपल्या क्रोनोग्राफांत वापरली, यावरून त्याची योग्यता कळावी. १९६८ मध्ये त्याची जागा कॅम पद्धतीच्या ८६१ ने घेतली, पुढे १८६१ आलं आणि २०२१ मध्ये नेहमीच्या मूनवॉचमध्ये ३८६१. ओमेगा ३२१ पुन्हा बनवते, पण त्याची किंमत बरीच वर आहे. रोजच्या वापराला ३८६१ जास्त सोयीचं: चुंबकाला दाद देत नाही, जास्त अचूक आहे, आणि चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. १८६१ मशीनमध्ये तो थांबत नसे, त्यामुळे वेळ सेकंदावर लावता येत नव्हती.

वेळ किती बरोबर दाखवतं? फोनजवळ ठेवलं तर?

स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी संस्थेच्या निकषांवर ते तपासलेलं असतं: दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे नाही. माझं त्या मर्यादेत राहतं. रविवारी सकाळी फोनच्या घड्याळाशी मिळवून घेतलं की आठवडा निघतो. १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकाने चाल बिघडत नाही, कारण केसासारखी बारीक स्प्रिंग सिलिकॉनची आहे. फोन, लॅपटॉपचं झाकण, स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण यांची चिंता सोडा. जुन्या यांत्रिक घड्याळांची अर्धी दुखणी चुंबकाची असायची.

बॅलन्स, म्हणजे आतलं पुढे-मागे झुलणारं चाक, सेकंदाला सहा ठोके देतं, म्हणून क्रोनोग्राफचा काटा एका सेकंदात सहा पावलं टाकतो. तबकडीच्या काठावर दोन सेकंदांमधली जागा आता तीन भागांत विभागली आहे, म्हणजे दर दोन ठोक्यांना एक भाग. आधीच्या मॉडेलात पाच भाग होते आणि ते ठोक्यांशी जुळत नव्हते. हा बदल कोणी फारसा बोलून दाखवत नाही, पण ज्याने केला त्याने मन लावून केला आहे.

पावसाळ्यात, पाण्यात घालता येतं का?

हात धुणं, पावसाची सर, काही बिघडत नाही. ५० मीटरचा आकडा वाचून पोहायला किंवा समुद्रात उतरू नका. चावी पेचाची नाही, आणि ओल्या घड्याळाची बटणं दाबूच नयेत.

कोकण-मुंबईच्या जून ते सप्टेंबरात चामड्याचा पट्टा लावू नका, आठवड्यात वास येतो आणि कडेला बुरशी धरते. स्टीलचा ठेवा किंवा नायलॉनचा लावा. अंतराळवीरांनीही पोशाखावर वेल्क्रोचा पट्टाच वापरला होता. काचेखाली वाफ धरलेली दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा.

वडिलांचं एचएमटी चावीचंच होतं. त्याच्यापेक्षा यात वेगळं काय?

चावी देण्याचा आनंद तोच आहे, आणि हे मी कमीपणाने म्हणत नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ-कारखान्याने ‘जनता’सारख्या घड्याळांतून तो घरोघरी पोचवला. जनताची चावी मोकळी, चटकन भरणारी. स्पीडमास्टरची जास्त घट्ट, प्रत्येक दात वेगळा जाणवणारा. बाकी तुलना नको, कारण एक वेळ दाखवतं आणि दुसऱ्याच्या पोटात वेळ मोजायचं आणखी एक यंत्र आहे. वडिलांचं घड्याळ कपाटात पडून असेल तर नव्याचा विचार करण्याआधी ते ऑइलिंग करून हातावर घाला.

सर्व्हिसिंगचं काय? आमचा नेहमीचा घड्याळजी करेल?

पाच वर्षांची वॉरंटी असते, आणि साधारण पाच ते आठ वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग लागतं. गल्लीतल्या जुन्या घड्याळजींच्या हातांबद्दल मला अतोनात आदर आहे. जुनी एचएमटी, फावर ल्यूबा त्यांच्याकडेच न्यावीत. पण ३८६१ चे सुटे भाग त्यांना मिळत नाहीत, आणि को-ॲक्शियल (बॅलन्सला ठोका देणाऱ्या भागांच्या) रचनेला तेल कुठे आणि किती हे वेगळं शिकावं लागतं. हे कंपनीच्याच केंद्रात द्या, आणि देताना ‘केसला पॉलिश करू नका’ असं पावतीवर लिहून घ्या. कानांवरची धार एकदा घासली गेली की तशीच परत आणणं फार कठीण.

बजेट नाही, पण चावीचा क्रोनोग्राफ वापरून बघायचा आहे.

सीगलच्या एसटी१९ मशीनची चिनी घड्याळं बघा. मूळ रचना स्विस व्हीनस १७५ ची, चावीची आणि चक्क कॉलम व्हीलची. दर्जा एकसारखा नसतो, पण बटण दाबण्याचं सुख खरं आहे. एक पायरी वर हॅमिल्टनचे चावीचे क्रोनोग्राफ आहेत, ते मी कोणालाही बिनधास्त सुचवतो.

आणि याच्याही वर काय?

लांगे कंपनीचं डेटोग्राफ, १९९९ मध्ये आलेलं, जर्मनीतल्या ग्लासह्यूट गावचं. मागून ते मशीन बघितलं की बोलणं थांबतं. त्याचा मिनिटाचा काटा बरोबर साठाव्या सेकंदाला टुणकन उडी मारतो. स्पीडमास्टरचा मात्र मिनिट संपता संपता सरकायला लागतो. किंमत एखाद्या घराच्या वाटेने जाते, म्हणून मी बघून समाधान मानतो.

भारतात घ्यावं की परदेशातून आणावं?

अधिकृत दुकानातून, भारतातच, असं माझं मत. परदेशात घेतलेलं नवं घड्याळ विमानतळावर जाहीर करावं लागतं आणि त्यावर सीमाशुल्क भरावं लागतं. ते टाळायचा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहा. एफ्टा देशांबरोबरचा (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे, त्यामुळे भावातली तफावत कमी होत जायला हवी. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि तेवढी रोख दुकानदार घेऊ शकत नाही.

जुनं घेणार असाल तर आधी विकणाऱ्याची खात्री करा, घड्याळ नंतर बघा. वॉरंटी कार्ड, सर्व्हिसच्या पावत्या आणि केसवरचा क्रमांक जुळला पाहिजे. मूनवॉचच्या नकला पुष्कळ आहेत. मागचं झाकण न उघडता खात्री देणाऱ्याकडून घेऊ नका.

दुकानात हातात घेतल्यावर काय बघू?

बसा, घाई करू नका. आधी स्वतः चावी द्या, बोटांना ती जमते का बघा. क्रोनोग्राफ सुरू करून निदान दोन मिनिटं चालू द्या आणि मिनिटाचा काटा खुणेवर नीट बसतो का पाहा. शून्य केल्यावर तिन्ही काटे बरोबर टोकावर आलेच पाहिजेत. मधला काटा केसभर जरी बाजूला थांबला तरी दुसरा नग मागा, रोज तोच दिसणार आहे. दुकानातले दिवे प्रत्येक घड्याळाला सुंदर करतात, म्हणून परवानगी घेऊन दारापाशी उजेडात न्या. हेसालाइट आणि नीलमणी दोन्ही शेजारी ठेवून तिरक्या नजरेने बघा, निर्णय तिथेच होतो. तारीख दाखवत नाही आणि अंधारात लहान तबकड्या दिसत नाहीत, हे चालणार आहे का ते स्वतःला विचारा.

पट्टा मापाचा करून घेताना मनगट संध्याकाळी थोडं फुगतं हे लक्षात ठेवून एक बोट जाईल एवढा सैल ठेवा. काढलेल्या कड्या आणि त्यांच्या पिना मोजून मागून घ्या आणि खोक्यात ठेवा.